शून्य वेळ, सामाईक विहीर आणि एक कंपायलर

संगणकाच्या भाषांच्या गोतावळ्यात समकालिक, म्हणजे सिंक्रोनस, म्हटल्या जाणाऱ्या भाषांचे एक लहानसे आणि बरेच सोवळे घराणे आहे. या घराण्याचा सारा संसार एका गृहीतकावर उभा असून ते असे की, यंत्राला बाहेरून एखादी खबर मिळणे आणि यंत्राने त्या खबरीला उत्तर देणे या दोन घटनांमध्ये वेळ मुळीच जात नाही. येथे ‘मुळीच’ अक्षरशः घ्यावयाचे आहे. वेळ थोडा जातो, किंवा मोजता येणार नाही इतका जातो, असे या शास्त्रातील पंडित म्हणत नाहीत, तर तो शून्य जातो असे म्हणतात आणि त्यावर प्रबंध लिहितात. नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात, जेथे ‘लाइट आत्ता येईल’ या आश्वासनातील ‘आत्ता’ची हद्द दुपारपासून दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत मानण्याचा प्रघात आहे, तेथे हे गृहीतक ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर राग किंवा अविश्वास उमटत नाही, उमटते ती निव्वळ सहानुभूती.

पंडितांची बाजूही मांडली पाहिजे. त्यांच्या हिशेबी काळ म्हणजे एकामागून एक येणारे क्षण, एवढेच. एका क्षणी इनपुट, म्हणजे बाहेरून येणारी माहिती, वाचायची, त्याच क्षणी सगळी समीकरणे सोडवायची, त्याच क्षणी आउटपुट, म्हणजे उत्तर, बाहेर टाकायचे, आणि पुढचा क्षण उजाडेपर्यंत स्वस्थ बसायचे. क्षण किती लांबीचा, हे भाषा सांगत नाही. तो 20 मिलिसेकंदांचा असेल, नाहीतर एका दिवसाचा. हिशेबाला प्रत्यक्षात जास्तीत जास्त किती वेळ लागतो आणि तो पुढच्या क्षणाच्या आत बसतो की नाही, एवढे अभियंत्याने अखेरीस स्वतंत्रपणे तपासायचे असते, आणि बसत असेल तर तो वेळ लागलाच नाही असे सर्वांनी मिळून समजायचे असते. इतका सभ्य समझोता तर्कशास्त्राच्या बाहेर क्वचितच आढळतो.

हा विचार 1980च्या दशकात फ्रान्समध्ये जन्मला, आणि तोही एका ठिकाणी नव्हे. सोफिया अँतिपोलिस येथे जेरार बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एस्टेरेल ही भाषा घडवली, ग्रनोबल येथे पॉल कास्पी आणि निकोला हाल्बवाक्स यांनी लस्टर, तर रेन येथे आल्बेर बेनवेनिस्त आणि पॉल ल गेर्निक यांनी सिग्नल. तिन्ही ठिकाणची मंडळी साधारण एकाच सुमारास एकाच निष्कर्षाला पोहोचली, हे विषयाला शोभेसेच झाले. लस्टरच्या वंशातील स्केड हे व्यावसायिक साधन पुढे एअरबसच्या ए-380सारख्या विमानांच्या नियंत्रणासाठी आणि अणुवीज केंद्रांच्या संरक्षण यंत्रणांसाठी वापरले गेले, कारण ‘जरा वेळाने बघू’ हे उत्तर ज्यांच्याकडून कोणालाच परवडत नाही अशी यंत्रे तेथे असतात.

अशा यंत्रांना प्रतिसादी यंत्रणा म्हणतात. प्रतिसादी यंत्रणा आपल्या मनाने काही आरंभत नाही, बाहेर काही घडले की त्यावर हालते, आणि तिचे काम कधीच संपत नाही. मुखेड तालुक्यात अशी यंत्रणा पाहण्यासाठी विमानतळ शोधत बसण्याचे कारण नाही. कोणत्याही विहिरीवरच्या पत्र्याच्या पेटीत ती सापडते. शेतीच्या फीडरवर तीन फेजची वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, आणि हरभऱ्याला पाणी देण्याची नेमकी वेळ आली की ती हटकून रात्रीची असते. मध्यरात्री काट्याकुट्यातून आणि विंचूकाट्यातून स्टार्टरपर्यंत जाण्याचे टळावे म्हणून शेतकरी स्टार्टरला ‘ऑटो’ बसवतो. तीन फेज आले की ऑटो मोटर चालू करतो. त्यातला एक फेज गेला तर मोटर नुसती गुरगुरत तापू नये म्हणून प्रिव्हेंटर नावाचे दुसरे साधन ती तोडते. आणि या दोघांनीही कसूर केली तर प्रकरण मुखेडच्या रिवाइंडिंगच्या दुकानात जाते. समकालिक भाषांवरील ग्रंथांत लिफ्ट आणि विमान यांची उदाहरणे पानोपानी येतात; ऑटो मात्र, त्याची योग्यता निर्विवाद असूनही, अद्याप उपेक्षित आहे.

ऑटोचे वर्तन समकालिक भाषेत लिहायचे झाल्यास हेप्टागॉन ही लस्टरच्या कुळातील, फ्रेंच संशोधकांनीच घडवलेली भाषा सोयीची पडते. तिचा कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेली समीकरणे यंत्राला पचतील अशा रूपात उतरवणारा प्रोग्रॅम, कमांड लाइनवर चालतो. त्याला खिडक्या, बटणे, रंगीत चित्रे असे काही नसते. काळ्या पडद्यावर ‘हेप्टसी’ असे टंकायचे, पुढे उणे चिन्ह लावून ‘टार्गेट सी’ म्हणायचे, म्हणजे उत्तर सी भाषेत हवे अशी सूचना द्यायची, शेवटी फाइलचे नाव लिहायचे आणि एंटर दाबायचे. सर्व काही ठीक असेल तर कंपायलर एक अक्षरही बोलत नाही. कमांड लाइनच्या संस्कृतीत काम झाले की गप्प राहणे हे सौजन्य समजले जाते, परंतु नवशिक्याला आपले कोणी ऐकले की नाही अशी शंका येते, म्हणून तो तीच कमांड पुन्हा देतो, आणि कंपायलर पुन्हा तितक्याच सौजन्याने गप्प राहतो. दरम्यान फाइलीच्या शेजारी एक नवा फोल्डर तयार झालेला असतो. त्यात सी भाषेतील दोन मुख्य फंक्शने असतात: पहिले, ‘रीसेट’, सृष्टीच्या आरंभी एकदा चालवायचे, दुसरे, ‘स्टेप’, त्यानंतर प्रत्येक क्षणी एकदा, तहहयात.

कंपायलर बोलतो तो चूक सापडल्यावरच, आणि त्याचे बोलणे समजून घेण्यासाठी सामाईक विहिरीइतके चांगले उदाहरण नाही. विहीर वडिलोपार्जित, सातबारावर दोघा भावांचा निम्मा-निम्मा हिस्सा, मोटरी दोन, पाणी एका मोटरीपुरते. नियम साधा आहे: एकाची चालू असेल तर दुसऱ्याची बंद. हा नियम भावकीत दोन पिढ्या तोंडी चालत आलेला असतो आणि त्यात कोणाला काही खोट दिसलेली नसते. तो भाषेत उतरवला की दोन समीकरणे होतात: थोरल्याची मोटर चालू म्हणजे धाकट्याची चालू नाही, धाकट्याची मोटर चालू म्हणजे थोरल्याची चालू नाही. कंपायलर ही फाइल तात्काळ परत करतो आणि कारणतेची चूक आहे असे कळवतो. कारणता म्हणजे कशामुळे काय ठरले याची साखळी. थोरल्याचे उत्तर काढायला धाकट्याचे लागते, धाकट्याचे काढायला थोरल्याचे लागते, आणि दोन्ही त्याच शून्य लांबीच्या क्षणात हवे असतात, म्हणून साखळीला टोकच उरत नाही. गणिती पाहील तर येथे दोन उत्तरे संभवतात, थोरला चालू किंवा धाकटा चालू. पण दोहोंतून एक निवडणे हे कंपायलर आपले काम मानत नाही. थोरल्याचे समीकरण वर लिहिले म्हणून त्याला मान द्यावा, तर या भाषांत समीकरणांच्या क्रमाला काहीही अर्थ नसतो. ही शेवटची गोष्ट विद्यार्थ्याला एका तासात समजते. थोरल्या भावाला समजावणे हे वेगळे शास्त्र आहे.

यावर भाषेने दिलेला उतारा म्हणजे ‘प्री’ हा कारक, जो एखाद्या राशीची मागच्या क्षणीची किंमत देतो. मागचा क्षण होऊन गेलेला असल्यामुळे त्याबद्दल वाद राहत नाही आणि साखळी तुटते. विद्यार्थी अर्थातच उदार मनाने दोन्ही समीकरणांत प्री घालतो: पहिल्या क्षणी दोन्ही मोटरी बंद, त्यानंतर प्रत्येकाने मागच्या क्षणी दुसऱ्याची मोटर बंद होती का ते पाहून आपली चालू करावी. कंपायलर हे मुकाट्याने स्वीकारतो. पहिल्या क्षणी दोन्ही बंद असतात. दुसऱ्या क्षणी दोघेही मागे पाहतात, समोरच्याची बंद होती असे दोघांनाही दिसते, आणि दोन्ही मोटरी एकदम सुरू होतात. तिसऱ्या क्षणी दोघेही तितक्याच समंजसपणे एकदम बंद करतात. दोन सज्जन दारात एकमेकांना ‘तुम्ही आधी’ म्हणत राहावेत तसे हे अनंत काळ चालते, फक्त येथे दोघेही एकाच वेळी आत शिरतात.

तेव्हा दुसरी दुरुस्ती सुचते. थोरल्याचे समीकरण पूर्ववत ठेवावे, म्हणजे धाकट्याची या क्षणी बंद असेल तर थोरल्याची चालू. आणि प्री फक्त धाकट्याच्या समीकरणात घालावा, म्हणजे पहिल्या क्षणी त्याची बंद, पुढे थोरल्याची मागच्या क्षणी बंद असेल तरच चालू. कंपायलर पुन्हा गप्प. पहिल्या क्षणी धाकट्याची बंद, म्हणून थोरल्याची चालू. दुसऱ्या क्षणी थोरल्याची मागे चालू होती, म्हणून धाकट्याची बंद, म्हणून थोरल्याची चालू. तिसऱ्या, चौथ्या आणि कोटीव्या क्षणीही तेच. प्रोग्रॅम निर्दोष आहे, धाकट्याचा हरभरा वाळला आहे, आणि भाषेच्या नियमांत ‘धाकट्यालाही कधीतरी पाणी मिळावे’ असे कोठे म्हटलेले नाही.

या ठिकाणी समकालिक भाषांचा सर्वात गाजलेला गुण, म्हणजे पडताळणी, मदतीला येतो, किंवा येतो असे वाटते. पडताळणी म्हणजे प्रोग्रॅम चालवून न पाहता, त्याच्या सगळ्या संभाव्य वर्तनांचा हिशेब करून, अमुक गोष्ट कधीच घडणार नाही हे गणिताने सिद्ध करणे. लस्टरसाठी ग्रनोबल येथे लेसार नावाचे असे साधन तयार झाले. त्याला ‘दोन्ही मोटरी एकाच क्षणी चालू नसाव्यात’ हा नियम दिला तर पहिली दुरुस्ती ते फेटाळते आणि दुसऱ्याच क्षणी नियम कसा मोडतो ते दाखवून देते. दुसरी दुरुस्ती मात्र ते निःशंकपणे मंजूर करते. अनिष्ट कधीच घडणार नाही याला शास्त्रात सुरक्षितता म्हणतात, आणि इष्ट कधीतरी घडेल हा स्वतंत्र, आणि सिद्ध करायला बराच त्रासदायक, प्रकार आहे. थोरल्या भावाला कागद हवाच असेल, तर गणिताने सिद्ध झालेला कागद त्याला मिळतो.

तिसरी दुरुस्ती खरी: धाकट्याची मोटर चालू म्हणजे मागच्या क्षणी थोरल्याची चालू होती. आता मोटरी आळीपाळीने चालतात, एक क्षण हा, एक क्षण तो. न्याय झाला, परंतु क्षण 20 मिलिसेकंदांचा धरला असेल तर सेकंदात 50 वेळा झाला, आणि हा न्याय अमलात आणताना स्टार्टरचे संपर्कबिंदू वितळून एकजीव होतील. क्षणाची लांबी एक दिवस ठेवली की हाच प्रोग्रॅम, एक अक्षरही न बदलता, गावातल्या पाळीइतका शहाणा ठरतो. भाषेला क्षणाच्या लांबीशी कर्तव्य नाही या विधानाचा खरा अर्थ हा आहे, आणि तो पुस्तकात पहिल्या प्रकरणात येत असला तरी वाचकाला सहाव्या प्रकरणात कळतो.

प्रीमुळे एक जुने दुखणे मात्र उपटते. पहिल्या क्षणाच्या मागे क्षण नसतो, मग तेव्हा प्रीची किंमत काय? हेप्टागॉन आणि स्केड यांचे कंपायलर याबाबत फार कडक असून, आरंभीची किंमत स्पष्ट लिहिल्याखेरीज जिचा निकाल लागणार नाही अशी राशी ते पुढे जाऊ देत नाहीत. मराठवाड्यात बांधाच्या वादात प्रत्येक पक्ष मागची नोंद दाखवतो, तिच्याही मागची नोंद निघते, आणि अखेर सगळे 1954च्या खासरा पाहणी पत्रकापाशी येऊन थबकतात, कारण त्यापलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान आणि वेगळी दफ्तरे लागतात. तसाच हा प्रश्न आहे, फक्त कंपायलर पत्रक आधी मागतो आणि वाद नंतर ऐकतो. महसुली न्यायालयांत हा क्रम उलटा आहे.

कालमानाची तपासणीही तितकीच कसोशीची असते, परंतु तिच्यावर फार शब्द खर्चण्याचे कारण नाही. प्रत्येक क्षणी येणारी राशी आणि केवळ वीज असतानाच येणारी राशी यांची परस्पर बेरीज करू पाहिल्यास कंपायलर नकार देतो, कारण एकीला किंमत असताना दुसरीला ती नसतेच. विजेच्या बिलांतील सरासरी रीडिंग या तपासणीतून उतरेल की नाही, हा संशोधनाचा विषय आहे.

इतक्या कडक कंपायलरलाही एक मागचे दार असते. हेप्टागॉनच्या पर्यायांत कारणतेची तपासणी बंद करण्याचा एक आणि आरंभीच्या किमतीची तपासणी बंद करण्याचा एक, असे दोन पर्याय दिलेले आहेत. ते कशासाठी ठेवले असावेत हे ज्याने विहिरीवरची पेटी उघडून पाहिली आहे त्याला विचारण्याची गरज नाही. प्रिव्हेंटर उठसूट मोटर तोडतो म्हणून त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून ‘डायरेक्ट’ केलेले स्टार्टर तालुक्यात गावोगाव आहेत, आणि डायरेक्ट केलेली मोटर उत्तम चालते, जळेपर्यंत.

प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवून पाहायचा असेल तर कंपायलरला उणे एस आणि मुख्य नोडचे, म्हणजे समीकरणांच्या मुख्य गठ्ठ्याचे, नाव द्यावे लागते. त्यातून तयार झालेला प्रोग्रॅम दर क्षणी पडद्यावर विचारतो की वीज आहे काय, पाणी आहे काय. उत्तर टंकून एंटर दाबेपर्यंत तो क्षण तसाच उभा राहतो. मधल्या काळात वापरणाऱ्याने जेवून यावे, बाजार करून यावा, मुखेडहून नांदेडला जाऊन परत यावे; शास्त्राच्या दृष्टीने गेलेला वेळ शून्य. मुखेडकराला या सिद्धान्तातली पहिली पटणारी गोष्ट ही असते.

हे सारे फ्रान्सचेच लेणे आहे असे समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात हा विषय मुंबईत लवकर पोहोचला. मुंबईच्या आयआयटीतील एस. रमेश आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आर. के. श्यामसुंदर यांनी जेरार बेरी यांच्याबरोबर 1993 साली ‘कम्युनिकेटिंग रिअॅक्टिव्ह प्रोसेसेस’ हा निबंध सादर केला, आणि 1999 साली तुलूझ येथील परिषदेत टाटा संस्था व भाभा अणुसंशोधन केंद्र यांच्याशी संबंधित संशोधकांनी स्टेटचार्ट या आकृत्यांच्या भाषेतून एस्टेरेलमध्ये उतरण्याची रीत मांडली. 1993च्या निबंधातील कल्पना मुखेडला विशेष लागू पडते: एका घटकाच्या आत सारे शून्य वेळात घडते, पण दोन घटक दूर असतील तर त्यांच्यात तसे घडू शकत नाही, त्यांना एकमेकांची वाट पाहून भेट घ्यावी लागते. एका पेटीतला ऑटो समकालिक असतो. दोन शेतांमधला निरोप नसतो. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’सारखी, मोबाइलवरून पंप चालू-बंद करणारी साधने याच दुसऱ्या जातीची आहेत, फोन लागतो, लागत नाही, लागला तरी पलीकडे लाइट नसते.

प्रत्यक्ष सृष्टीत शून्य वेळाचे गृहीतक खरे झाले तर काय होते, हेही मुखेडने पाहिलेले आहे. 63 केव्हीएची डीपी, म्हणजे रोहित्र, पूर्ण क्षमतेने सुमारे 85 अँपिअर देते. पाच अश्वशक्तीची मोटर चालताना सात-साडेसात अँपिअर घेते, म्हणून अशा दहा मोटरी डीपीला पेलतात. परंतु थेट सुरू होताना हीच मोटर काही क्षण पाच ते सातपट प्रवाह ओढते. रात्री वीज येते. दहा शेतांतील दहा ऑटो, एकमेकांना न ओळखता, त्याच क्षणी आपापले काम चोख बजावतात. मागणी साडेचारशे अँपिअरच्या घरात जाते आणि डीपीचे फ्यूज उडतात, क्वचित डीपीच जाते. इनपुट आणि आउटपुट यांत वेळ गेला नाही. त्यानंतर नवी डीपी मिळेपर्यंत जो जातो तो वेळ कोणत्याही समकालिक भाषेच्या कक्षेत येत नाही. ऑटो काढून टाका, कॅपॅसिटर बसवा, असे आवाहन वीज कंपनी वर्षानुवर्षे करते ते यामुळेच, आणि ऑटो काढण्यास प्रत्येक शेतकरी तयार असतो, फक्त शेजाऱ्याने आधी काढावा; म्हणजे कारणतेची तीच गाठ, या खेपेस दहा जणांची.

दहाही मोटरी एका प्रोग्रॅमच्या हाताखाली आणता आल्या तर ही गाठ सुटते, आणि हेप्टागॉनमध्ये त्यासाठी एक अद्भुत सोय आहे. प्रोग्रॅमला करार जोडता येतो: काय पाळले जावे ते लिहायचे, उदाहरणार्थ एका क्षणी एकाहून अधिक मोटरी सुरू होऊ नयेत, आणि कोणत्या राशी कंपायलरच्या ताब्यात दिल्या त्यांची यादी द्यायची. करार कसा पाळायचा ते मग माणसाने ठरवायचे नसते. साधने स्वतःच नियंत्रक रचतात, गणिताने सिद्ध झालेला, आणि कोणी कोणाची वाट पाहायची ते तोच दर क्षणी ठरवतो. एकाहून अधिक निर्णय कराराला चालत असतील तर नियंत्रक यादीत आधी आलेल्या राशीला झुकते माप देतो, म्हणजे पहिल्या नावाची मोटर पहिली सुरू होते आणि दहाव्या नावाची नऊ क्षणांनंतर. क्षण दोन सेकंदांचा धरला तर हा फरक अठरा सेकंदांचा. समीकरणांच्या क्रमाला अर्थ नसलेल्या या भाषेत, एवढ्या एका यादीच्या क्रमाला मात्र अर्थ आहे, आणि ही बातमी गावात पोहोचली की कंपायलर चालवण्याआधी ग्रामसभा बोलवावी लागेल, कारण यादीत पहिले नाव कोणाचे याचे उत्तर देणारा पर्याय कमांड लाइनवर उपलब्ध नाही.